जागा नव्हता

“थांबा, थांबा, थांबा!” मी लाकडी पट्टी टेबलावर आपटली.

पेटी थांबली, तबला थांबला, चौदा माणसं थांबली. फक्त योहानकाका ससाण्यांचा खर्जातला आवाज आणखी दोन शब्द पुढे गेला आणि मग उतारावरच्या बैलगाडीसारखा कुरकुरत थांबला.

“जागा हा शब्द कोणत्या लिंगाचा?” मी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सालोमीबाई पाटोळे म्हणाल्या, “स्त्रीलिंगी. ती जागा.” सालोमीबाई मिशन दवाखान्यात नर्स होत्या. चाळिशीच्या, अंगानं भरभक्कम, आणि आवाज असा की वॉर्डात त्या “गोळी घेतली का?” म्हणाल्या की बाहेर रस्त्यानं जाणारेही दचकत.

“शाबास. मग ‘जागा नव्हती’ की ‘जागा नव्हता’?”

“नव्हती!” सगळे एका सुरात म्हणाले. गाताना ते इतके एका सुरात कधीच आले नव्हते.

“मग आता तसंच म्हणा.”

पेटी सुरू झाली. चौदाही जणांनी डोळे मिटून, मनापासून म्हटलं:

दमली मरिया, दमला योसेफ,
फिरुनी दारोदार;
उतारशाळेत जागा नव्हता कोणी,
न उघडी दार.

मी कपाळावर हात मारून खाली बसले.

ही एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरातली गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मराठी घेऊन बी. ए. झालेली आणि करंजगावच्या मिशन शाळेत जूनमध्येच रुजू झालेली कुमारी इंदुमती उजागरे. नव्या मास्तरणीला व्याकरण जितकं येतं, तितकं पुढे आयुष्यात कधीच येत नाही. चर्चचे पाळक शांतवन हिवाळे यांनी नाताळच्या गायनाची जबाबदारी माझ्यावर टाकली. “बाई, तुम्ही शहरात शिकलेल्या, जरा वळण लावा,” असं ते म्हणाले होते, आणि मी ते खरं धरलं.

‘दमली मरिया’ हे करंजगावचं जुनं नाताळगीत. ते कुणी रचलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण चर्चमध्ये गीतांचं एक जीर्ण पुस्तक होतं, त्यात ते छापलेलं होतं. छापलेल्या ओळी अशा होत्या: ‘उतारशाळेत जागा नव्हती, कोणी न उघडी दार’. उतारशाळा म्हणजे वाटसरूंनी उतरायची धर्मशाळा. तिथे जागा नव्हती म्हणून बाळ गव्हाणीत जन्मलं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणजे करंजगावकर एकाच ओळीत दोन चुका करत होते. ‘ती’चं ‘ता’ करत होते, आणि श्वास ‘नव्हती’नंतर घ्यायचा तो ‘कोणी’नंतर घेत होते. पहिल्या चुकीनं व्याकरण मेलं, दुसरीनं ताल मेला.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. केलं असतं की नाही देव जाणे, पण या वर्षी ते शक्यच नव्हतं. नाताळच्या आधीच्या शनिवारी तालुक्यातल्या सात मंडळ्यांची, म्हणजे सात गावच्या चर्चची, गायनस्पर्धा आमच्या चर्चमध्ये होती. पहिलं बक्षीस नवी कोरी पेटी, दुसरं गजराचं घड्याळ, तिसरं स्टीलचे बारा पेले. आमच्या चर्चच्या पेटीचे तीन सूर मुके होते आणि एक मधेच आपोआप वाजायचा, त्यामुळे प्रार्थना चालू असताना पेटीवर गीतांचं पुस्तक दाबून ठेवावं लागे. ती पेटी मंडळीला हवीच होती.

आणि परीक्षक होते प्राध्यापक गमलीएल आढाव. कॉलेजात मला व्याकरण त्यांनीच शिकवलं होतं. अनुस्वार चुकला तर ते अर्धा गुण कापत, आणि कापताना त्यांचा चेहरा खुलत असे. त्यांच्यासमोर माझ्या गायकांनी ‘जागा नव्हता’ म्हटलं असतं, तर मला जमिनीनं पोटात घेतलं तरी चाललं असतं.

चौकशी केल्यावर कळलं की या चुकीचं मूळ एकच आहे. तरुण मंडळी ‘नव्हता’ म्हणत, कारण त्यांच्या आया तसं म्हणत. आया म्हणत, कारण मागून योहानकाकांचा आवाज येई आणि त्या आवाजापुढे कुणाचं काही चालत नसे. योहानकाका बासष्ट वर्षांचे, काटक, गळ्यात कायम हिरवा मफलर. शाळेची घंटा वाजवायची आणि कंपाउंडचं फाटक सांभाळायचं हे त्यांचं काम. चाळीस वर्षं ते गायकांच्या मागच्या रांगेत डावीकडे उभे राहत आले होते.

“काका,” मी त्यांना एकटं गाठून म्हटलं, “पाटी घ्या. ‘जागा नव्हती’ पन्नास वेळा लिहा.”

त्यांनी खरोखर पन्नास वेळा लिहिलं. अक्षर मोत्यासारखं. वर “बाई, आनखी लिहू का?” असंही विचारलं. आणि संध्याकाळी पहिल्याच तानेला “नव्हता!”

पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

त्यांची दुसरी खोड तर त्याहून वाईट. फाटकाशी नुसती खडखड झाली, की हा माणूस गाणं अर्ध्यावर सोडून पळत सुटे. मुलं त्यांना ‘ससा’ म्हणत, ते आडनावामुळे आणि त्याहून जास्त या पळण्यामुळे. एकदा तिसऱ्या कडव्याच्या ऐन मध्यात मागचा खर्ज गायब झाला. बघते तर काका फाटक उघडून एका कोंबडीवाल्याला आत घेत होते.

“काका, आपल्याला कोंबड्या नको होत्या!”

“न्हाई ना. पन तो वाजवत व्हता.”

“वाजवू दे की थोडा वेळ!”

ते माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मीच काही भलतं बोलले. मग मुकाट्यानं आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

मी पाळकांकडे तक्रार घेऊन गेले. म्हटलं, या एका माणसापायी पेटी जाणार. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? योहानकाकांना या वर्षापुरतं गायनातून वगळा.

पाळकसाहेब लोणच्याची बरणी पुसत होते. पुसता पुसता हळूच हसले. “उजागरेबाई, तुम्ही त्यांना विचारलंत का, ते असं का म्हणतात?”

“चुकीला कारण कसलं विचारायचं?”

“ते खरंच,” ते म्हणाले, आणि मूग गिळून पुन्हा बरणी पुसायला लागले. ते करंजगावात माझ्याआधी सहा वर्षं होते. त्यांना माहीत होतं आणि त्यांनी मला सांगितलं नाही, याचा राग मला पुढे बरेच दिवस होता.

गुरुवारी दुपारी चार वाजता शेवटून दुसरी तालीम होती. तालमीची जागा म्हणजे दवाखान्यामागची एक जुनी, लांबलचक दगडी इमारत. एका ओळीत खोल्याच खोल्या. एकीत आम्ही गायचो, बाकीच्यांत मोडकी बाकं आणि लोखंडी खाटा रचलेल्या. दाराच्या कपाळपट्टीवर चुन्याचे इतके हात बसले होते की खाली काही कोरलंय का, हेही दिसत नव्हतं. दाराच्या फळीचा एक टवका उडालेला होता. माझ्या स्वेटरची लोकर आत जाता-येता त्यात नेमकी अडकायची.

त्या दिवशी लोकर अडकली, एक टाका उसवला, आणि मी आधीच तापलेली आत आले. पहिल्याच कडव्याला मागून “नव्हता” आलं, आणि माझा तोल सुटला.

“योहानकाका, आता शेवटचं सांगते. एक तर ‘नव्हती’ म्हणा, नाही तर गाऊ नका. शनिवारी मला हा ‘ता’ चालणार नाही.”

योहानकाकांनी मफलर नीट केला, मला मान लववली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

“चला, सुरू करा,” मी म्हटलं.

पेटी सुरू झाली. गाणं कुणीच सुरू केलं नाही.

“सालोमीबाई?”

“माझा घसा बसलाय,” सालोमीबाई म्हणाल्या. त्या घशानं त्यांनी पाच मिनिटांपूर्वीच दवाखान्याच्या शिपायाला इथूनच हाक मारली होती.

“हे बंड आहे का?”

“बंड कसलं, बाई. आडनाव तुमचं उजागरे, आन् कधीपासून मी बघतेय, तुम्ही काही जाग्या होईनात.” त्यांनी माझा दंड धरला. नर्सनं धरलेला दंड सुटत नसतो. त्यांनी मला सरळ बाहेर पायरीवर नेलं. “काका, सांगा हिला. न्हाई तर मी सांगते, आन् मी सांगितलं तर गावाला ऐकू जाईल.”

योहानकाका संकोचून उठले. “कशाला, सालोमे? बाईंचं बरोबर हाये. लेकरांना व्याकरन शिकवत्यात त्या.”

“सांगा.”

त्यांनी जरा वेळ फाटकाकडे बघितलं. मग म्हणाले, “बाई, तुम्ही म्हन्ता, जागा नव्हती. पन जागा व्हती की.”

“कुठे?”

“हितं.” त्यांनी मागच्या इमारतीकडे बोट केलं. “धाच्या धा खोल्या मोकळ्या व्हत्या.”

मला काही कळेना. काकांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि टाचा उंचावून दारावरचा चुना खरवडला. पोपडे माझ्या डोक्यावर पडले. खाली दगडात कोरलेली अक्षरं होती. आधी ‘शाळा’ दिसलं, मग ‘तार’, मग ‘उ’. मडम मिशनरीनं बांधलेली, दवाखान्यात येणाऱ्यांनी उतरायची जागा. दोन आठवडे मी त्याच उतारशाळेत उभी राहून त्या शब्दाचा अर्थ शिकवत होते.

“अडतीस साल,” योहानकाका म्हणाले. “मी बावीस वर्सांचा. ह्या उतारशाळेचा रखवालदार. लई मान व्हता. किल्ल्यांचा जुडगा कमरेला. नाताळचा दिस. रात्र न्हाई बरं का बाई, रात्र असती तर मानसाला काही सांगता तरी येतं. दुपारचे दोन. उपासना झाली, मटन झालं, वर करंज्या झाल्या. म्हनलं, आज कोन येतंय? आतून कडी घातली आन् पडलो.”

“आन् घोरले,” सालोमीबाई म्हणाल्या.

“घोरलो. पाथर्डीकडून गाडी आली. गाडीत बाई अडलेली. मडम नाताळाला नगरला गेलेली, दवाखाना बंद. कुनी तरी सांगितलं, उतारशाळेत जावा, तिथं खोली मिळंल, तिथला मानूस दाईला बोलावून आनंल. त्यांनी दार वाजवलं. हाका मारल्या. मग धोंडा घेऊन ठोकलं.”

“त्यो टवका,” सालोमीबाई म्हणाल्या, “जिथं तुमचा स्वेटर अडकतो ना, तो माझ्या बापानं उडवलेला हाये.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

“बघता काय? मीच ती. ह्या लिंबाखाली, गाडीच्या सावलीत झाले. मला पहिल्यांदा कुनी चाटलं आसंल तर बैलानं. बापानं माझं नाव ढवळी ठेवलं व्हतं, त्या बैलावरनं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकानं सालोमी केलं, म्हनून वाचले.”

मला हसू आलं. योहानकाका हसत नव्हते.

“चारला उठलो,” ते म्हणाले. “तोंड धुवाया म्हनून दार उघडलं. समोर गाडी, लिंबाखाली लुगडी धरून चार बाया, आन् पोरीचं रडनं. हिच्या बापानं मला बघितलं. कमरेला किल्ल्या बघितल्या. म्हनला, ‘झाली का झोप, दादा? घागरीत पानी आसंल का थोडं?’” काकांनी मफलरचं टोक मुठीत धरलं. “रागानं न्हाई म्हनला, बाई. रागानं म्हनला असता तर बरं झालं असतं.”

“आईला वीस दिवस ताप होता,” सालोमीबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “वाचती की न्हाई असं झालं व्हतं. ह्यांनी वीस दिवस पानी आनलं, लाकडं आनली. बोलले एक शब्द न्हाई.”

“आन् मग पुढल्या नाताळाला हे गानं आलं,” काका म्हणाले. “‘उतारशाळेत जागा नव्हती’. माझ्या घशातनं शब्दच निघंना. देवळात उभं राहून खोटं कसं म्हनू? जागा व्हती, बाई. जागा नव्हता.”

लिंबावर एक साळुंकी ओरडत होती. मी एम. ए.च्या तयारीला लागलेली, लिंगविचाराचा अख्खा धडा पाठ असलेली बाई. जागा व्हती. जागा नव्हता. एकाच शब्दाचे दोन अर्थ माझ्यासमोर पायरीवर बसले होते आणि दोन आठवडे मी त्यांना पट्टीनं मारत होते. आणि तो श्वास! ‘जागा नव्हता कोणी’ म्हणून मग थांबायचं. तिथे थांबल्याशिवाय वाक्यच पुरं होत नव्हतं. चुका दोन नव्हत्याच.

“त्या दिवशी एकट्यानं म्हटलंत?” मी विचारलं.

“एकट्यानंच. समदं देऊळ मागं वळून बघाया लागलं. मला वाटलं, आता भुई फाटावी.”

“पाळकानं तेच कडवं परत म्हनायला लावलं,” सालोमीबाई म्हणाल्या. “आई पहिल्या वळीत बसलेली, मी मांडीवर. तिनं ह्यांच्याबरूबर ‘नव्हता’ म्हटलं. मोठ्यांदा. मग पाळकीणबाईंनी म्हटलं, मग समद्यांनी. घरी आल्यावर बाप म्हनला, तू कशाला म्हनलीस? तर आई म्हनली, एकट्यानं म्हटलं तर गुन्हा, समद्यांनी म्हटलं तर गानं.”

मला तिथल्या तिथे त्यांचे पाय धरायला हवे होते. खरं सांगते, मी धरले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण डोक्यात अजून नवी पेटी होती आणि तिच्यामागे आढाव सरांचा चेहरा. मी गप्प उभी राहिले. माझं गप्प राहणं योहानकाकांनी बरोबर वाचलं.

“बाई, मंडळीला पेटी पायजे,” ते म्हणाले. “मी ‘नव्हती’ म्हनतो. एका दिसाचं काय? देवाला म्हाईत हाये समदं.”

“आणि फाटकाकडे पळणार नाही?”

“न्हाई पळनार.”

“वचन?”

“वचन.”

मी ते वचन घेतलं. आज सत्तरी उलटल्यावरही त्या दुपारचं हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

शनिवारी सकाळी चर्च गच्च भरलं होतं. आढाव सर पुढच्या टेबलाशी तांबडी पेन्सिल टोकदार करून बसले होते. त्यांचे नियम दोन. गाणं चालू असताना दार उघडायचं नाही, आणि शेवटचं गाणं संपलं की स्पर्धा संपली. सहा मंडळ्या हजर होत्या. सातवी, डोंगरवाडीची, आलीच नव्हती. यजमान म्हणून आमचा नंबर शेवटचा.

बाराच्या सुमाराला आम्ही उभे राहिलो. मोठ्या दाराला आतून आडणा, म्हणजे आडवा दांडा, लागला. मी पट्टी उचलली आणि पहिलं कडवं खरोखर छान झालं. मागचा खर्ज स्थिर होता. सरांची पेन्सिल हलली नाही. मला पेटी दिसायला लागली.

तेच कडवं दुसऱ्यांदा घेताना, ‘दमली मरिया’ला, दारावर थाप पडली.

योहानकाका जागचे हलले नाहीत. त्यांचे डोळे मात्र दाराकडे गेले आणि तिथून माझ्याकडे आले.

‘दमला योसेफ.’ पुन्हा थाप. या वेळी दोन हातांनी.

काका गात होते. मफलरखाली गळ्याची शीर टरारली होती. दिलेलं वचन धरून तो माणूस माझ्याकडे बघत उभा होता, आणि मी पट्टी हलवत होते. बाहेर कुणी तरी हाक मारली. “उघडा हो! कोण आहे का आत?” देवळात अडीचशे माणसं होती. प्रत्येकाला ते ऐकू गेलं आणि प्रत्येक जण नियम पाळत बसला होता. किल्ल्यांचा जुडगा या वेळी माझ्या कमरेला होता.

‘फिरुनी दारोदार’ संपता संपता मी पट्टी ताल सोडून थेट दाराकडे रोखली आणि ओरडले, “काका, पळा!”

बासष्टाव्या वर्षी माणूस इतका पळू शकतो हे मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

इकडे गाणं चालूच होतं. पुढची ओळ आली. तेरा जणांनी आज्ञेप्रमाणे ‘उतारशाळेत जागा नव्ह...’ पर्यंत आणलं आणि मी, तालमीत कधी एक सूर न लावलेली, आढाव सरांची लाडकी विद्यार्थिनी, त्यांच्यासमोर बेसूर किंचाळले, “नव्हता कोणी!”

पुढे फाटाफूट झाली. आठ जण ‘ती’कडे गेले, पाच ‘ता’कडे आले, तबलजी मधेच अडकला. सालोमीबाईंनी मात्र ‘कोणी’ असं ठणकावून म्हटलं की खिडकीची तावदानं थरारली. आणि ‘न उघडी दार’ हे शब्द आमच्या तोंडात असतानाच ते मोठं दार करकरत सताड उघडलं.

दारात अकरा माणसं उभी होती. धुळीनं माखलेली, एकाच्या खांद्यावर ढोलकी. डोंगरवाडीची मंडळी. त्यांचा ट्रॅक्टर वाटेत बंद पडला होता आणि ते पाच मैल चालत आले होते. योहानकाका प्रत्येकाचा हात धरून आत घेत होते आणि म्हणत होते, “या, या. जागा हाये. या.”

आमचं गाणं अजून संपलेलं नव्हतं. डोंगरवाडीची मंडळी त्याआधीच आत आली होती. म्हणजे नियमानं ती स्पर्धेत होती.

पाणी पिऊन डोंगरवाडीकर उभे राहिले. नुसती ढोलकी आणि अकरा गळे. त्यांनी काय गायलं ते आता मला आठवत नाही, पण गाणं संपल्यावर टाळ्या वाजवायला कुणाला सुचलं नाही, एवढं आठवतं. पहिलं बक्षीस, नवी पेटी, डोंगरवाडीला. योहानकाकांनी आत घेतलेल्या माणसांनी आमची पेटी डोळ्यांदेखत उचलून नेली, आणि ती गावाच्या वेशीपर्यंत पोचवायला खांदा कुणी दिला असेल तर तोही योहानकाकांनीच.

आम्हाला दुसरं मिळालं, ते सालोमीबाईंच्या आवाजाला घाबरून असावं. गुणपत्रिकेवर आढाव सरांनी तांबड्या पेन्सिलनं लिहिलं होतं: ‘लिंगदोष. संचालिकेचे व्याकरण कच्चे.’

“इंदुमती, तूसुद्धा?” सर म्हणाले. “जागा स्त्रीलिंगी नाही का?”

“सर, तो जागा वेगळा.”

त्यांना कळेना. तेव्हा पाळकसाहेब पुढे झाले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, “सर, प्रभूनं शिष्यांना कधी ‘जागा द्या’ म्हटलेलं मला तरी आठवत नाही. ‘जागे राहा’ मात्र पुन्हा पुन्हा म्हटलंय.”

सरांनी गुणपत्रिका परत घेतली. बराच वेळ ती ओळ पुटपुटत बसले, एकदा श्वास इथे घेऊन, एकदा तिथे. मग त्यांनी अर्धा गुण वाढवला. निकालात त्यानं काही फरक पडला नाही, पण त्यांच्या हातून अर्धा गुण वाढलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला.

गजराचं घड्याळ पाळकांनी योहानकाकांच्या हातात दिलं, तेव्हा सगळं चर्च हसलं. काकाही हसले. नंतर लिंबाखाली त्यांनी ते माझ्या पर्समध्ये कोंबलं.

“मला कशाला? चाळीस वर्सं मला दुपारची झोप न्हाई. तुम्ही ठेवा.”

“काका, मला माफ करा,” मी म्हटलं. “मी ते वचन घ्यायला नको होतं.”

“मग काय झालं? ऐन वक्ताला जाग आली न्हवं तुम्हाला?” ते म्हणाले. “मला तर चारला आली व्हती.”

त्या नाताळात मुक्या सुरांच्या पेटीवरच करंजगावानं ‘दमली मरिया’ म्हटलं. ‘नव्हता कोणी’ म्हणून सगळ्यांनी श्वास घेतला, आणि या वेळी सगळ्यांबरोबर मीही घेतला.

योहानकाका जाऊन तीस वर्षं झाली. मी आता पुण्यात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. ते घड्याळ अजून चालतं, दिवसाला सात मिनिटं मागे पडतं एवढंच. मी त्याला रोज दुपारी दोनचा गजर लावते. खालच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी एकदा न राहवून विचारलं, “आजी, भर दुपारी दोनला उठून तुम्ही करता तरी काय?”

“काही नाही गं,” मी म्हटलं. “दार बघते.”